सरकारी इस्पितळाला आपल्याकडे तूट का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचा भाचा इंग्लंडमध्ये लेस्टरला डॉक्टर आहे. तो सांगतो, तिथं सरकारी इस्पितळं तुटीत गेली की पेपरात येतं आणि संसदेची समिती मंत्र्यापासून अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना समोर बसवून विचारते. "आमच्या तीन पिढ्या ग्वाल्हेरात गेल्या, पण इथल्या कुठल्या सरकारी दवाखान्याला अमुक इतकी तूट आली आणि विधानसभेत त्यावर कोणी बोललं, असं कधी कानावर आलं नाही. आपल्याकडे तूट येत नाही, की कोणी विचारत नाही?"

मी इथल्या झाशी रोडच्या एजी ऑफिसात, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखाकारांच्या कार्यालयात, तेहतीस वर्षं नोकरी केली. त्यातली निम्म्याहून जास्त आरोग्य खात्याच्या ऑडिट पार्ट्यांबरोबर जिल्हे फिरण्यात गेली. (ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत "ती एजीत आहे" एवढं म्हटलं की पुरतं, पुढचं सांगावं लागत नाही. १९५६ साली नवा मध्य प्रदेश झाला तेव्हा राजधानी भोपाळला गेली, हायकोर्ट जबलपूरला, आणि ग्वाल्हेरच्या पदरात एजी, महसूल मंडळ, अबकारी अशी हिशेबाची कार्यालयं पडली. त्यामुळे राज्यभरच्या दवाखान्यांवरचे आक्षेप आमच्याच दारात टाइप होत.)

तर उत्तर असं: तूट येते, दर वर्षी येते. पण आपल्या हिशेबात ती तूट या नावाने उमटत नाही. ती बहुतेक वेळा 'बचत' या नावाने उमटते. आणि बचत झाली म्हणून कोणाला जाब विचारायची आपल्या सभागृहांना सवय नाही.

आधी तुमच्या भाच्याकडची गोष्ट घेते, म्हणजे फरक दिसेल. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. १९९० च्या कायद्याने तिथल्या इस्पितळांचे ट्रस्ट होऊ लागले. ट्रस्ट म्हणजे स्वतःचं उत्पन्न, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा ताळेबंद. माल आला की पैसे दिले नसले तरी देणं त्याच दिवशी वहीत चढतं. त्यामुळे ३१ मार्चला तूट लपवायची म्हटलं तरी जागा फार नसते. २००५-०६ मध्ये इंग्लंडच्या आरोग्य सेवेची निव्वळ तूट ५४.७ कोटी पौंड निघाली. गंमत म्हणजे ती वर्षं सरकार आरोग्यावर पूर्वी कधी नव्हे इतका पैसा ओतत होतं तीच. हाउस ऑफ कॉमन्सच्या आरोग्य समितीने चौकशी लावली आणि डिसेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. डॉक्टरांशी आणि कर्मचाऱ्यांशी केलेल्या नव्या वेतनकरारांचा खर्च सरकारने फार कमी धरला होता, काही ठिकाणी व्यवस्थापन कच्चं होतं, आणि तूट भरायला प्रशिक्षणाच्या पैशाला कात्री लावली गेली होती, हे सगळं त्यात आलं. हिशेबाच्या एका नियमावरही तेव्हा बोट ठेवलं गेलं. ज्या ट्रस्टला तूट आली त्याचं पुढच्या वर्षीचं उत्पन्न तेवढ्याने कापायचं, आणि वर तीच तूट त्याने भरूनही काढायची, असा तो नियम. एकाच गुन्ह्याला दोन फटके. तिथल्या ऑडिट कमिशननेही हेच सांगितलं होतं आणि २००७ मध्ये ट्रस्टांपुरता तो नियम निघाला.

म्हणून तिकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. २०१५-१६ मध्ये ट्रस्टांची एकत्रित तूट २४५ कोटी पौंडांवर गेली आणि खुद्द आरोग्य खात्याने आपली महसुली मर्यादा २०.७ कोटींनी ओलांडली. रोजचा खर्च भागवायला इमारती आणि यंत्रांचा भांडवली पैसा वळवला जात होता. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच वर्षांत असे ४३० कोटी पौंड वळवले गेले, म्हणजे गळकी छपरं तशीच ठेवून पगार केले. शेवटी एप्रिल २०२० मध्ये इस्पितळांवरचं १३४० कोटी पौंडांचं जुनं सरकारी कर्ज सरळ माफ करावं लागलं. समितीने विचारलं म्हणून तूट मिटली असं काही झालं नाही. पण तूट किती, कुठे आणि कोणामुळे, हे छापील आकड्यांत लोकांसमोर आलं. आपल्याकडे अडतं ते याच पायरीवर.

आता आपल्याकडची गोष्ट. ग्वाल्हेरहून बसने दोन-अडीच तासांवरच्या एका जिल्हा रुग्णालयात आमची पार्टी बसली होती. जूनची दुपार, कूलर होता पण त्यात पाणी नव्हतं. लेखा शाखेचे बडे बाबू निवृत्तीला टेकलेले, अक्षर मोत्यासारखं. कॅशबुक स्वच्छ, ट्रेझरीशी मेळ बसलेला, अनुदान आणि खर्च यांत फरक अवघ्या काही हजारांचा. माझा ज्युनिअर म्हणाला, "मॅडम, यहाँ तो कुछ नहीं है, शाम की बस पकड़ लेते हैं." मला स्टोअरचं रजिस्टर चाळायची खोड होती. त्यात ऑक्टोबरमध्ये एक्स-रे फिल्मची खोकी आणि रक्ततपासणीची रसायनं जमा झालेली दिसली. व्हाउचरांच्या गठ्ठ्यात मात्र त्यांचं बिल नव्हतं.

मी विचारलं, "बडे बाबू, हे ऑक्टोबरचं बिल कुठे आहे?"

ते काही बोलले नाहीत. उठले, स्टुलावर चढले आणि लोखंडी कपाटाच्या डोक्यावरून लाल कापडाचा एक बस्ता उतरवून माझ्यासमोर ठेवला. गाठ सोडली तर आत बिलंच बिलं, टाचण्यांना गंज चढलेली. सगळ्यात जुनं अडीच वर्षांपूर्वीचं. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने तीनच शब्द: 'बजट आने पर'. ऑक्सिजनच्या सिलिंडरवाल्याची, धोब्याची, जनरेटरच्या डिझेलची, सलाइनची. संध्याकाळपर्यंत बेरीज केली तेव्हा ती त्या वर्षीच्या औषध अनुदानाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी भरली.

ही त्या इस्पितळाची तूट. तुमच्या भाच्याच्या इस्पितळात ती ताळेबंदाच्या शेवटच्या ओळीत दिसली असती. आमच्याकडे ती कपाटाच्या डोक्यावर होती. कारण आपले सरकारी हिशेब रोख पद्धतीचे आहेत. ट्रेझरीतून पैसा निघाला तरच खर्च. जे बिल ट्रेझरीत गेलंच नाही ते सरकारच्या लेखी जन्मालाच आलेलं नाही. बडे बाबूंनी काही चोरी केली नव्हती. अनुदान संपल्यावर बिल पाठवलं असतं तर ट्रेझरीने परत केलं असतं, आणि चुकून पास झालं असतं तर जादा खर्चाचा ठपका त्यांच्याच साहेबांवर आला असता.

आता याचा जोड दुवा बघा. ज्या वर्षीची बिलं त्या बस्त्यात होती, त्याच वर्षीच्या राज्याच्या विनियोजन लेख्यांत (मंजूर किती, खर्च किती, याचा वार्षिक हिशेब) आरोग्याच्या मागणीखाली, म्हणजे त्या खात्यासाठी सभागृहाकडे मागितलेल्या रकमेखाली, चांगली घसघशीत बचत दाखवलेली होती. म्हणजे सभागृहाने आरोग्यासाठी मंजूर केलेला पैसा उरला, आणि धोब्याचे पैसे अडीच वर्षं थकले. दोन्ही एकाच वेळी खरं.

हे कसं होतं? पगाराचा पैसा डॉक्टरांच्या भरलेल्या नव्हे, मंजूर पदांवर मागितला जातो; पदं रिकामी राहतात, पगार उरतो. केंद्राच्या योजनेत राज्याचा हिस्सा वेळेवर पडत नाही, मग केंद्राचा हप्ता अडकतो. इमारतीचा पैसा जागेच्या वादात बसून राहतो. आणि एका उपशीर्षातला पैसा दुसऱ्यात न्यायचा तर पुनर्विनियोजनाचा आदेश लागतो, त्याची फाइल भोपाळला जाते. पैसा फेब्रुवारीत येतो, कधी मार्चच्या पंचवीस तारखेला. मग ३१ मार्चला सरेंडर, म्हणजे न खर्चलेला पैसा सरकारला परत. शेवटच्या दिवशी सरेंडर केलेला पैसा दुसऱ्या कोणाच्याही कामी येत नाही, हे आम्ही इतक्या अहवालांत लिहिलंय की ते वाक्य मला झोपेत म्हणता येतं.

वाचायची आवड असेल तर राज्याचे विनियोजन लेखे एकदा उघडाच. ते छापले जातात आणि कोणालाही बघायला मिळतात. आरोग्यासाठी २२१० हे मुख्य शीर्ष, कुटुंबकल्याणासाठी २२११, इमारती-यंत्रांसाठी ४२१०. प्रत्येकाखाली मूळ तरतूद, पूरक तरतूद, प्रत्यक्ष खर्च आणि फरक. फरकाच्या खाली खात्याने दिलेली कारणं. आणि तिथं पानोपानी एकच ओळ भेटेल: बचतीची कारणं कळवण्यात आलेली नाहीत. कुठे कुठे तर मूळ तरतूदसुद्धा पुरती खर्च झालेली नसते आणि तरी वर्षाच्या मध्ये सभागृहाकडून पूरक अनुदान मागून घेतलेलं असतं. ताटातलं संपलेलं नाही आणि आणखी वाढा.

या दोन गोष्टींकडे कायदा कसा बघतो, हा माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. मंजुरीपेक्षा एक रुपया जास्त खर्च झाला तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २०५ प्रमाणे तो विधानसभेपुढे आणून नियमित करून घ्यावा लागतो. केंद्रासाठी हेच अनुच्छेद ११५ मध्ये आहे. लोकलेखा समिती (सरकारी खर्चाचे हिशेब तपासणारी सभागृहाची समिती) आधी त्याची कारणं तपासते, मग सभागृह मंजुरी देतं. (हे नियमित करणंही कित्येक राज्यांत वर्षानुवर्षं लोंबकळतं, तो भाग निराळा.) पण मंजूर पैशातले शंभर कोटी खर्चलेच नाहीत, तर त्यासाठी सभागृहाने काही करावं असं घटना सांगत नाही. समितीने उचललं तर उचललं. एकीकडे घटनेचा धाक, दुसरीकडे एक छापील ओळ. अधिकारी माणूसच आहे, तो कुठे झुकणार? बिलं बस्त्यात बांधील आणि अनुदान सरेंडर करील. घटनाकारांचा हेतू बरोबरच होता, सरकारने सभागृहाला न विचारता खर्च करू नये. पण ज्या काळात तो नियम घडला, त्या काळात पैसा उधळणारं सरकार ही भीती होती. पैसा असून दवाखान्यापर्यंत न पोचवणाऱ्या सरकारचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हता.

आणि तूट भरली कोणी? रुग्णाने. रसायनवाला पुरवठा थांबवतो, मग तपासणी "बाहर से करा लो" होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हा आकडा ६४.२ टक्के होता, म्हणजे उतार आहे हे मान्य. तरी शंभरातले चाळीस रुपये कुठल्याच सभागृहाने मंजूर केलेले नाहीत आणि कुठलीच समिती ते तपासत नाही. कपाटावरच्या बस्त्याचं दुसरं टोक फाटकाबाहेरच्या औषधांच्या दुकानात असतं.

याच्या जोडीला पैशाच्या आडवाटा आहेत. त्यातली एक आपल्याच राज्यातून निघाली. १९९४ मध्ये सुरतेच्या प्लेगने सगळ्यांची झोप उडवली, त्या सुमाराला इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचं राज्य होतं. रुग्ण हलवून सगळं इस्पितळ रिकामं केलं, धुतलं, उंदीर मारले, आणि त्यातूनच रोगी कल्याण समितीची कल्पना निघाली. इस्पितळाने थोडी फी घ्यायची, पैसा सरकारी तिजोरीत न भरता समितीच्या खात्यात ठेवायचा आणि तिथल्या तिथं दुरुस्ती-औषधांवर खर्च करायचा. कल्पना झकास. पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा ती देशभर गेली. फुटका नळ बदलायला भोपाळची वाट बघावी लागत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याबद्दल मला त्या पद्धतीचं कौतुकच आहे. पण हिशेबाच्या बाजूने बघा: ही नोंदणीकृत संस्था, तिचा पैसा राज्याच्या अंदाजपत्रकात नाही, म्हणून सभागृहाच्या मतदानात नाही. कॅग म्हणजे देशाचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, आमचं ऑफिस त्यांच्याच हाताखालचं. त्यांच्या १९७१ च्या कायद्यातल्या कलम १४ प्रमाणे सरकारी अनुदानावर मुख्यतः चालणाऱ्या संस्था आमच्या कक्षेत येतात. पण फीवर चालणाऱ्या समितीचं काय? सनदी लेखापाल सही करतो आणि अहवाल कपाटात जातो.

अभियानाचा मोठा पैसाही बरीच वर्षं असाच राज्य आरोग्य सोसायटीच्या बँकखात्यात थेट यायचा; २०१४-१५ पासून तो राज्याच्या तिजोरीतून यायला लागला. कॅगच्या २०१७ च्या २५ क्रमांकाच्या अहवालात २७ राज्यांच्या सोसायट्यांकडची शिल्लक दिली आहे: २०११-१२ मध्ये ७,३७५ कोटी, २०१५-१६ मध्ये ९,५०९ कोटी. तिजोरीच्या हिशेबात हा पैसा खर्ची पडलेला आणि बँकेत मात्र शाबूत. २०२१ च्या जुलैपासून केंद्राने एकाच खात्यातून खर्चाची पद्धत आणली, त्याने गावोगावच्या खात्यांत पैसा तुंबणं कमी झालं. पण मुळातला प्रश्न उरतोच: खर्च झाला म्हणजे पैसा सोसायटीला दिला, की सलाइन रुग्णाच्या हाताला लागलं?

आता तुमचा दुसरा भाग, कोणी विचारतच नाही का. विचारतात. केंद्रात १९९३ पासून खात्यांच्या स्थायी समित्या आहेत. आरोग्याची समिती राज्यसभेच्या सभापतींच्या अखत्यारीत चालते, ३१ सदस्य, दोन्ही सभागृहांचे. अंदाजपत्रक मांडल्यावर मधल्या सुटीत ती मंत्रालयाच्या मागण्या तपासते. मंत्रालयाने मागितलं किती, मिळालं किती, त्यातलं खर्चलं किती, हे तिच्या अहवालांत नीट येतं. लोकलेखा समिती त्याहून जुनी, १९२१ पासूनची. २२ सदस्य, त्यातले १५ लोकसभेचे. १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा, मंत्री सदस्य होऊ शकत नाही. ब्रिटनची समिती १८६१ ची, आपली तिचीच लेक. पण सार्वजनिक आरोग्य, इस्पितळं, दवाखाने हा घटनेच्या राज्यसूचीतला सहावा विषय. तुमच्या गल्लीतल्या दवाखान्याचं खरं सभागृह दिल्लीत नाही, भोपाळला आहे. केरळने १९८० मध्येच विषय समित्या सुरू केल्या आणि प्रत्येक खात्याच्या मागण्या मतदानाआधी समितीत जाऊ लागल्या. जिथं हे नाही तिथं आरोग्याच्या मागणीवर काही तासांची चर्चा, आणि कधी तीही नाही, सगळ्या मागण्या गिलोटिनखाली, म्हणजे चर्चेविना, एका दमात मंजूर.

राज्याच्या लोकलेखा समितीच्या बैठकांना मी मागच्या खुर्च्यांवर बसले आहे. आमचे मोठे साहेब अध्यक्षांच्या शेजारी, आम्ही फायली घेऊन मागे. प्रश्नावली बहुतेक आम्हीच तयार केलेली. एका बैठकीत आरोग्याचे दोन पॅरे, म्हणजे ऑडिट अहवालातले आक्षेप, होते. पहिला एका जिल्ह्यात रुग्णवाहिका टायरअभावी वर्षभर उभी होती त्याचा. दुसरा कित्येक कोटी रुपये शेवटच्या दिवशी सरेंडर केल्याचा. टायरवर पाऊण तास गेला. टायर कितीला येतो, कोणत्या कंपनीचा, ड्रायव्हर तेवढे दिवस काय करत होता. आमदार माणसं गावातली, गाडी आणि टायर त्यांना कळतात, आणि प्रश्न खरेच नेमके होते. मग चहा आला. सरेंडरचा पॅरा आला तेव्हा प्रमुख सचिव म्हणाले की पुनर्विनियोजनाच्या प्रक्रियेत विलंब झाला, भविष्यात दक्षता घेऊ. अध्यक्ष म्हणाले, लेखी द्या. चार मिनिटं. अहवाल सहा वर्षांपूर्वीचा होता, सचिव त्या खात्यात येऊन पाच महिने झाले होते, आणि ज्यांच्या सहीने सरेंडर झालं ते कधीच निवृत्त होऊन बसले होते. मला आमदारांचा राग आला नाही, आमचाच आला. आम्ही पॅरा लिहिलाच असा होता की त्यात टायर दिसत होता आणि कोटी दिसत नव्हते. त्या सरेंडर झालेल्या पैशात किती सोनोग्राफी यंत्रं बसली असती, कोणत्या जिल्ह्यांत बिलं थकली होती, एवढं एका ओळीत जोडलं असतं तर चार मिनिटांची चाळीस झाली असती.

कबुली द्यायचीच तर आणखी एक देते. एका वर्षी डेंग्यूची साथ होती. एका इस्पितळाच्या अधीक्षकांनी मर्यादेपलीकडे स्थानिक खरेदी केली, तीही ठरलेल्या दरापेक्षा चढ्या भावाने. मी हाफ मार्जिन दिला. आमच्यात आक्षेपाच्या कागदाला हेच म्हणतात: पान मधोमध दुमडायचं, डावीकडे आमचा आक्षेप, उजवीकडे त्यांचं उत्तर. त्यांनी उजवीकडे लिहिलं, "प्लेटलेट किट संपली होती, वॉर्डात त्या दिवशी ६८ रुग्ण होते." मी तरीही अनियमित खरेदीचा पॅरा केला. नियमाने तो बरोबर होता. त्यांची बढती त्याच्यावर काही काळ अडली. शेजारच्या जिल्ह्यात अधीक्षकांनी नियम पाळला, काही विकत घेतलं नाही, रुग्ण ग्वाल्हेरला पाठवले. तिथं माझ्याकडे लिहायला काहीच नव्हतं. तो अहवाल निरंक गेला.

इंग्लंडनेही याचा धडा घेतलाय, आणि फार महाग. मिड स्टॅफर्डशायरच्या ट्रस्टने २००६-०७ मध्ये एक कोटी पौंड वाचवायचं ठरवलं, परिचारिका कमी केल्या, हिशेब जुळवले, आणि २००८ मध्ये जास्त स्वायत्तता देणारा 'फाउंडेशन' दर्जाही मिळवला. वॉर्डात मात्र रुग्णांना पाणी द्यायला माणूस नव्हता. फेब्रुवारी २०१३ च्या फ्रान्सिस चौकशी अहवालात २९० शिफारशी आल्या. म्हणून ज्यांना वाटतं की आपल्याकडेही इस्पितळांना ताळेबंद द्या, तूट आली की अधीक्षकाला समितीपुढे उभं करा, म्हणजे झालं, त्यांच्याशी मी सहमत नाही. तूट दिसलीच पाहिजे, पण आधी हे विचारायला हवं की तूट कमी पैशामुळे आली, उशिरा आलेल्या पैशामुळे, की उधळपट्टीमुळे. तीनही तुटी कागदावर सारख्याच दिसतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या २.५ टक्के आणि राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाच्या ८ टक्क्यांहून जास्त करावा असं म्हटलं होतं. मूळ ताटच लहान असेल तर अधीक्षकाला वाढण्यावरून रागावून उपयोग नाही.

तुम्ही स्वतः काय करू शकता, हेही प्रश्नाच्या शेवटी होतं. आमदारांना प्रश्न लिहून द्या. बऱ्याच आमदारांना असा तयार प्रश्न हवाच असतो. पण "जिल्हा रुग्णालयाला किती निधी मिळाला" असं विचारू नका. त्याचं उत्तर "परिशिष्ट अनुसार" येतं, परिशिष्टात एक मोठा आकडा असतो आणि सगळे खूश. असं विचारा: ३१ मार्च रोजी माल स्वीकारलेला आहे पण पैसे दिलेले नाहीत अशी देयकं किती, रक्कम किती, सगळ्यात जुनं देयक कोणत्या तारखेचं, त्याच वर्षी त्याच शीर्षाखाली सरेंडर किती आणि कोणत्या तारखेला, आणि त्या वर्षी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कोणत्या तपासण्या किती दिवस बंद होत्या. तिन्ही एकाच प्रश्नात घाला, सुटे करू नका, नाहीतर तीन वेगवेगळ्या शाखा तीन उत्तरं देतील आणि बस्त्याचा सरेंडरशी संबंध कोणाच्या लक्षात येणार नाही. थकीत देयकांची यादी माहितीच्या अधिकारातही मागता येते. मात्र "तूट" हा शब्द अर्जात घालू नका, तशा नावाचा कागद कुठल्याच कार्यालयात नसतो आणि उत्तर "निरंक" येईल. "अदत्त देयकांची पंजी" म्हणून मागा.

पहिल्या खेपेला विधानसभेतलं उत्तर बहुधा एका ओळीचं येईल: "जानकारी एकत्रित की जा रही है." तिथं फाइल बंद करू नका. माहिती गोळा करून देतो असं सभागृहात सांगितलेलं उत्तर आश्वासनात धरलं जातं, आणि त्याचा पाठपुरावा करायला शासकीय आश्वासनांची समिती असते. आमदारांच्या स्वीय सहायकाला प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवायला सांगा, आणि पुढच्या अधिवेशनाच्या आधी एकदा फोन करा.